लॉकर एकशे चौदा

"फोन आत टाका. सगळ्यांचे," आसावरी म्हणाली.

सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. तळेगावहून लोणावळ्याजवळच्या पार्कमध्ये तिघी आल्या होत्या: बँकेत काम करणारी आसावरी, तिची पाचवीतली मुलगी सृष्टी आणि आई शैलाताई, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. दिवसभर फोन नाही, फोटो नाही, हा नियम आसावरीचा. सृष्टीने तो लगेच मान्य केला. अडून बसल्या त्या शैलाताई.

"माझा राहू दे गं. मी कुठे गेम खेळते?"

"आई, घरात सगळ्यात जास्त व्यसन तुलाच आहे."

हे खोटं नव्हतं. गेलं वर्षभर शैलाताई कशाचेही फोटो काढत. बंद केलेल्या गॅसचं बटण, देवळाबाहेर काढलेल्या चपला, दुधाची पिशवी. घरात त्यावरून रोज थट्टा चाले. आताही त्यांनी लॉकरच्या नंबरचा फोटो काढला, एकशे चौदा. आसावरीने फोन त्यांच्या हातातून घेऊन त्याच लॉकरमध्ये ठेवला आणि किल्ली मनगटात अडकवली.

"आजी, नंबरचा फोटो आतच राहिला!" सृष्टी खिदळली.

शैलाताई हसल्या नाहीत.

पुढचे चार तास मात्र छान गेले. सृष्टीच्या ओठाखाली तीळ आहे, हे आसावरीला त्या दिवशी दिसलं. तो कधीपासून आहे ते तिला सांगता आलं नसतं. जहाजाच्या झुल्यावर शैलाताई इतक्या मोठ्याने ओरडल्या, की मागच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"आई, वर्गात कधी एवढा आवाज चढवला होतास का?"

"वर्गात नुसते डोळे वटारले की भागायचं."

मग पाण्यात खेळायचं म्हणून सृष्टीने निळा फ्रॉक काढून लाल पोहण्याचा ड्रेस घातला, डोक्यावर टोपी चढवली आणि तिघी कारंज्यात भिजल्या. दोन वीसला शैलाताई स्वच्छतागृहात जाऊन येते म्हणाल्या.

"आम्ही इथेच, कारंज्यापाशी," आसावरीने सांगितलं.

तीन वाजले तरी त्या आल्या नाहीत. आसावरीने सवयीने खिसा चाचपला. तो रिकामा होता. दोघींनी स्वच्छतागृह पाहिलं, झुले पाहिले, वडापावची रांग पाहिली. भोंग्यावरून दोनदा नाव पुकारलं गेलं.

तीन पस्तीसला शैलाताई लॉकरच्या खोलीत सापडल्या. ओल्या कपड्यांनिशी त्या एकेका लॉकरचं दार ओढून बघत होत्या. मागे टॉवेल घेऊन धोंडाबाई उभी होती, तिथे कामाला असणारी पवनानगरची बाई.

आसावरीचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ संताप आला. "आई! पाच तास फोनशिवाय राहवलं नाही तुला? आम्ही तिकडे वेड्यासारख्या शोधतोय!"

शैलाताईंनी वळून पाहिलं.

"वरडू नगा, ताई." धोंडाबाईने आसावरीला दाराशी ओढलं. "तासभर हितंच हायेत त्या. मी इचारलं, आजी, कुनासंगं आलाय? तर म्हनल्या, फोनात बघून सांगते."

"मस्करी केली असेल."

"न्हाई वो. नाव सांगितलं त्यांनी. गाव इचारलं, तर रडाया लागल्या."

आसावरीने मनगटातली किल्ली काढली. सृष्टीने ती घेऊन लॉकर उघडला.

शैलाताईंनी फोन दोन्ही हातांनी घेतला. अंगठा सराईतपणे फिरू लागला. आसावरी त्यांच्या खांद्यामागून बघत होती. लॉकरचा नंबर. गाडी लावली होती तिथला खांब. सकाळी दारात उभी सृष्टी, खाली टाइप केलेलं: 'सृष्टी. नात. आज निळा फ्रॉक.' त्याआधी स्वयंपाकघरात पाठमोरी आसावरी: 'आसावरी. मुलगी. बँकेतून सहाला येते.' असे शेकडो फोटो. पहिला चौदा महिन्यांपूर्वीचा.

शैलाताई एकदा फोटोकडे बघत होत्या, एकदा नातीकडे. "निळा फ्रॉक कुठे गेला?"

"बदलला ना, आजी. तुझ्यासमोरच."

"अस्सं." त्यांनी डोळे पुसले. आता आवाज वर्गातला होता. "मला सगळं माहीत असतं. गोंधळ झाला, की तेवढ्यापुरतं बघावं लागतं."

"मला सांगितलं का नाहीस?" आसावरीने विचारलं.

"सांगितलं असतं तर सृष्टीला गणित शिकवू दिलं असतंस?"

धोंडाबाईने शैलाताईंच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि बाकड्यावरची बादली खाली ठेवून त्यांना बसवलं.

"आज काय काय केलं गं आपण?" शैलाताईंनी सृष्टीला विचारलं. "दहानंतर एकही फोटो नाही."

"तू झुल्यावर ओरडलीस, आजी! पोरांनी टाळ्या वाजवल्या!"

"मी? सावकाश सांग." त्या टाइप करू लागल्या. झुला, टाळ्या, कणीस, लाल ड्रेस. मग त्यांनी फोन आसावरीकडे धरला. "इकडे बघ. केस ओले आहेत, असू देत."

आसावरी लॉकरच्या उघड्या दारापाशी उभी राहिली. तिला हसता आलं नाही. फोटो निघाला. शैलाताई एका बोटाने खाली लिहू लागल्या आणि आसावरीने वाकून वाचलं.

'आसावरी. मुलगी. हिला आता कळलं आहे.'