तिच्या नावाचा काठ

फितीची कड उसवत होती. लाल साटीन, हलक्या प्रतीचं; कात्री बोथट असली की असंच होतं... जन्म टेलरकीत गेलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार? समोर नदी होती, नव्या दगडी पायऱ्या होत्या, फलकावर बायकोचं नाव होतं— आणि तो धागे पाहत बसला होता, कारण फलकाकडे बघायचा धीर होत नव्हता.

ती जिवंत होती तेव्हाही त्याच्या वाट्याला उरलीसुरलीच यायची. सगळ्या कारखान्याची ती ताई, म्हणून तो सगळ्या कारखान्याचा भावोजी. युनियनची बैठक, गेटवरची सभा, मग नदीचं ते खूळ— कारखान्यात ज्या रंगात सूत भिजे त्या रंगाची नदी वाहायची, आणि ही म्हणायची, पाणी साफ करूनच सोडा. मालकांनी कारखाना बंद करायची धमकी दिली तेव्हा तिचीच माणसं दारात आली होती. नोकरी हवी की नदी, एकदाच सांग ताई, म्हणाली. हातातलं पीठ तसंच ठेवून ती उंबऱ्यात उभी राहिली होती.

"घरात आई हवी की बाप, असं विचारतं का कोणी?"

माणसं परत गेली होती, आणि दुसऱ्या दिवशी गेटवर तिच्यामागे उभी राहिली होती. शेवटी मालकांना पाणी शुद्ध करायची यंत्रं बसवावी लागली, आणि एकाचंही काम गेलं नाही. हे सगळं मला पाठ आहे, तो मनात म्हणाला. पण मला ती संध्याकाळच्या चहाला हवी होती हो, बाकी काही नाही... आणि आता ती गेल्यावर हा फलक. म्हणजे उरलंसुरलंही यांनीच नेलं.

फीत कापली गेली. टाळ्या. गर्दी पायऱ्यांवर पसरली, आणि रंगखात्यातली एक म्हातारी, हातांच्या भेगांत अजून निळी, धपकन त्याच्या शेजारी बसली.

"भावोजी, सून माझी अजून कारखान्यातच कामाला आहे," ती म्हणाली. "आणि नातवंडं इथं डुंबतात. सांगूनही बाहेर निघत नाहीत."

त्याने पाहिलं. पोरं खरंच पाण्यात होती. पाण्याला पाण्याचाच रंग होता, आणि तळाचे गोटे दिसत होते. छातीत काहीतरी सुटत गेलं, घट्ट टाक्यातला दोरा ओढून काढल्यासारखं— हे तिनं केलं. माझ्या घरातून निघून, माझ्या हातचा डबा घेऊन, हे तिनं केलं...

त्याने मान वर करून फलक वाचला. सावकाश, अक्षर न् अक्षर.

मागे बायकांनी घोषणा सुरू केली, तिच्या नावाची. जन्मात त्याने कधी घोषणा दिली नव्हती. त्याला लाज वाटायची. आता तो उठून उभा होता, मूठ कधी वर गेली कळलं नव्हतं, आणि कानावर येणारा तो भसाडा, दांडगा आवाज आपला आहे की आजूबाजूचा, हे त्याला उमगत नव्हतं— आणि तो थांबावा असंही वाटत नव्हतं.