खोकलीची सवत

आमच्या घरात माणसं तीन आणि गाड्या चार. माझं गॅरेज घराच्या आवारातच आहे, त्यामुळे याचं कुणाला नवल वाटत नाही. पिकअप कामाची. मोठी गाडी वडिलांच्या वेळची, आईला डॉक्टरकडे न्यायला आणि लांबच्या प्रवासाला. मोटारसायकल माझी. आणि छोटी पेट्रोल गाडी हिची, जिने लग्नापासून हिला हॉस्पिटलात ड्युटीला नेलं-आणलं.

तिचं नाव खोकली. नाव आईने ठेवलं. आमच्या रस्त्याच्या वळणावर चढ आहे, तिथे ही गिअर बदलते आणि गाडी खोकते. मी कुणाच्या इंजिनाखाली आडवा पडलेला असलो तरी तो खोकला मला ऐकू येतो. मग हात पुसत उठायचं आणि फाटक उघडायचं. फाटक लोखंडी पत्र्याचं, जड, रुळावरून सरकणारं. मधेच अडकतं, तिथे खालून जरा उचलावं लागतं. ही चढ संपवून समोर येते तोवर ते उघडलेलं असतं. तिला कधी थांबावं लागलं नाही, हॉर्न वाजवावा लागला नाही. आमच्यात गोड बोलणं बेताचंच, जे काय आहे ते हे एवढंच.

गॅरेजवाल्याचंच फाटक अडकतं म्हणून गिऱ्हाइकं हसतात. हसू देत. ते दुरुस्त करणं माझ्या डाव्या हाताचा मळ आहे. पण सहज सरकलं तर ही स्वतःच उतरून उघडेल आणि मी बसेन आत टायर मोजत.

तर एका संध्याकाळी ही म्हणाली, "अहो, ड्युटीला जायला-यायला एखादी इलेक्ट्रिक गाडी घेऊ या का?"

"खोकलीला काय झालं?"

"काही नाही. पण एक्स-रेवाले म्हणत होते..."

हा एक्स-रेवाला म्हणजे हिच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढणारा गृहस्थ. ही तिथे ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स. त्याच्याकडे पांढरी इलेक्ट्रिक गाडी आहे, रोज इस्त्रीचे शर्ट आहेत आणि त्याची नखं स्वच्छ असतात. माझ्या नखांतलं काळं कुठल्याच साबणाला दाद देत नाही. गेल्या काही दिवसांत आमच्या घरात आईपेक्षा त्याचीच मतं जास्त ऐकू येत होती. पालकाची भाजी कशी धुवावी यावरसुद्धा त्याचं काहीतरी म्हणणं होतं.

"काय म्हणत होते तुझे एक्स-रेवाले?"

"माझे कशाला? सगळ्या हॉस्पिटलचे आहेत. ते म्हणाले, घरात लांब जायला दुसरी गाडी असेल तर रोजच्यासाठी लहान बॅटरीची पुरते. रात्री लावायची, सकाळी काढायची."

मुद्दा बिनतोड होता, म्हणून तर अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, घ्यायचीच तर सगळ्यात मोठ्या बॅटरीची घ्यावी, वाटेत बंद पडली तर काय. मनात हिशेब असा की किंमत ऐकून हीच नाद सोडेल.

"वाटेत म्हणजे कुठे?" ही म्हणाली. "हॉस्पिटल नदीपलीकडे आहे, दुसऱ्या देशात नाही."

आई टीव्हीसमोर बसली होती. मान न वळवता म्हणाली, "कुठून तरी जळका वास येतोय गं."

रविवारी आम्ही शोरूमला गेलो. मी सवयीने आधी बॉनेट उघडलं. आत इंजिनाच्या जागी एक रिकामा डबा. शोरूममधली मुलगी म्हणाली, इथे पिशव्या ठेवता येतात. ऑइल बदलायला नको, प्लग नकोत, क्लच नाही, गिअर नाही, हे सांगताना तिला कोण आनंद होत होता. रविवारी सकाळी ही दाराशी चहाचा कप घेऊन उभी राहते आणि मी खोकलीचं बॉनेट उघडून बसतो, तेव्हा आमचं आठवडाभराचं बोलणं होतं. ती मुलगी एकेक वस्तू नको म्हणत गेली आणि माझा रविवार रिकामा होत गेला. मग नवरा तरी कशाला लागतो, असं अगदी ओठांवर आलं होतं.

हिने मात्र लहान गाडी पसंत केली. स्टिअरिंगवर हात ठेवून अशी बसली की मला ती गाडी सवतच वाटायला लागली, आता सवत कुणाची ते तुम्हीच ठरवा. शोरूमने दोन दिवस चालवून बघायला दिली. सोमवारी सकाळी ही तीच घेऊन गेली. खोकली मागे आवारात धूळ खात उभी राहिली आणि मला तिची दया आली.

संध्याकाळी हिची यायची वेळ झाली. मी कान टवकारून एका पिकअपचे ब्रेक खोलत होतो. वळणावरून एक ट्रक गेला, दुधाची गाडी गेली, शेजारच्या शिक्षिकेची स्कूटर आली. ही नाही. म्हटलं, ऑपरेशन लांबलं असेल. मग म्हटलं, ऑपरेशन लांबतं तेव्हा ही कळवते. मग डोळ्यांसमोर ती पांढरी गाडी आली. दोन इलेक्ट्रिक गाड्या शेजारीशेजारी चार्जिंगला लावल्यात आणि मध्ये हे दोघं चहा पितायत. तो काहीतरी बोलतोय, ही हसतेय. माझ्या विनोदांना ही हसत नाही असं नाही, पण आधी ते तिने ऐकलेले असतात.

फोन मी करणार नव्हतो. करायचा तर तिने करावा. ब्रेकचा एक नट मी इतका आवळला की आटे गेले.

शेवटी राहवेना. मोटारसायकल काढली, हेल्मेट चढवलं, हॉस्पिटलात जाऊन समोरासमोर विचारायचं ठरवलं. फाटक जोरात ओढलं. ते नेहमीच्या जागी अडकलं. खालून उचललं, सरकवलं.

समोर ती लहान गाडी आवाज न करता येऊन उभी होती, फाटकाला नाक लावून. आत ही बसलेली, मांडीवर पर्स.

"कधी आलीस?"

"मघाशीच."

"अगं, मग हॉर्न वाजवायचा!"

"या फाटकासमोर? मी?"

मला हेल्मेटमध्ये घाम फुटला. "नाहीतर उतरून उघडायचं."

"येतं मला उघडता. कुठे उचलायचं तेही माहीत आहे." ती काचेतून माझ्याकडे बघत होती. "पण आज उतरले असते तर उद्यापासून रोज उतरावं लागलं असतं."

इतका वेळ मी आत बसून तिला नाही नाही तिथे फिरवून आणली होती आणि ती माझ्याच दारात उभी होती. वाट मी बघत नव्हतो, तीच बघत होती.

"आणि तुम्ही हेल्मेट घालून कुठे निघालात?"

"दूध आणायला."

"दूध मघाशीच आलंय," खिडकीतून आई म्हणाली.

गाडीतून उतरताना हिने दाराला धरून डावा पाय जपून टेकवला. मी कधी पाहिलं नव्हतं ते. म्हणजे, दिसलं असेल. पण माझं लक्ष कायम गाडीकडे.

"पायाला काय झालं?"

"गुडघा. दिवसभर उभं राहायचं आणि येता-जाता गर्दीत सारखा क्लच दाबायचा. एक्स-रे काढला. एक्स-रेवाले म्हणाले, क्लच बंद करा आधी. तिथून हा सगळा विषय निघाला."

म्हणजे हिचा गुडघा माझ्याआधी त्याने पाहिला, तोही आतून. पण या वेळी त्याच्याइतकाच मला माझाही राग आला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही रात्रभर बसून क्लच नरम केला असता."

"केलाच असता!"

"तेच तर." ती हसली. "मग मी कोणत्या तोंडाने नको म्हणणार होते?"

जेवताना तीच म्हणाली, "तुम्हाला नको असेल तर परत करू या. खोकलीवर भागेल माझं." तिने ते मनापासून म्हटलं होतं. मी फक्त हूं म्हटलं असतं तर सगळं पूर्वीसारखं झालं असतं. संध्याकाळी खोकला, मग फाटक, आणि तिचा गुडघा.

"घ्यायची," मी म्हटलं. "लहानच घ्यायची. मोठीची गरज नाही."

"असं एक्स-रेवालेही..."

"असं मी म्हणतोय."

आईने पदर तोंडाला लावला.

गाडी आली. मी कामाचं टेबल गॅरेजच्या आतून उचलून फाटकाजवळ झाडाखाली आणलं. गिऱ्हाइकं विचारतात, उन्हात का बसता? उजेड चांगला आहे, असं सांगतो. तिथून वळण दिसतं. गाडीला आवाज नाही, पण डाव्या दिव्याजवळ पहिल्याच आठवड्यात पडलेला एक ओरखडा आहे, तो मला लांबूनही ओळखू येतो. रविवारी मी खोकलीचं बॉनेट उघडतो आणि ही नव्या गाडीच्या त्या रिकाम्या डब्याच्या काठावर टेकून चहा पिते.

"एक्स-रेवाल्यांच्या घरचं फाटक रिमोटने उघडतं," ही परवा म्हणाली आणि माझं तोंड बघून हसत आत गेली.

काल तो स्वतः आला होता, आमचं चार्जिंग नीट बसवलंय का बघायला. मी टेबलाशीच होतो. वळणावर पांढरी गाडी दिसली, तेव्हा मी चहाचा कप उचलला. गाडी फाटकाशी थांबली. त्याने हॉर्न वाजवला.

मी एक घोट घेतला. त्याने पुन्हा वाजवला.

वाजव बाबा, म्हटलं. तुला वाजवावाच लागणार.