तिसऱ्या दिवसाचा कोप

दोन वर्षं काठीशिवाय पाऊल न टाकणारे निवृत्त मास्तर काठी डोक्यावर धरून नाचत होते आणि सभागृहातली दीडशे माणसं टाळ्या पिटत होती. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. मागचे लोक खुर्च्यांवर चढून पाहत होते.

"गोळ्या म्हणजे विष!" व्यासपीठावरून पुडीबाबा गरजले. "दवाखान्यात शिरलात की सुटका नाही. आमच्या पुडीत काय? एक मुळी आणि एक मंत्र. मुळी सात डोंगरांपलीकडची, मंत्र आमच्या गुरूंचा!"

हे सात डोंगर नेमके कुठले, हे विचारायचं कुणाला सुचत नव्हतं. गुडघे वाकत होते, सांधे दुखत नव्हते, मग भूगोल कुणाला हवाय!

"मात्र एक ध्यानात ठेवा," बाबांनी बोट उचललं. "पुडी सोडलीत की तिसऱ्या दिवशी कोप. विचारा या शिंपीणबाईंना!"

शिंपीणबाई लगबगीने उठल्या. "सोडली हो मी! तिसऱ्या दिवशी उलट्या, चक्कर, अंगात त्राण नाही. पुडी जिभेवर ठेवली आणि संध्याकाळी भाकऱ्या थापल्या!"

पुन्हा टाळ्या. शेवटच्या रांगेत आपल्या आत्याशेजारी भाची तेवढी हाताची घडी घालून उभी होती. नुकतीच डॉक्टर झालेली, अजून शिकाऊ. आईमागे आत्यानेच तिला लहानाचं मोठं केलेलं. आत्या मोठी श्रद्धाळू. सकाळी देवाचं नाव घेतल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायची नाही. सहा महिन्यांपूर्वी तिला जिना चढवत नव्हता. आता बाबांची पुडी घेऊन तुरुतुरु चालायची, दोन घास जास्त जेवायची आणि चेहरा कसा गोल गरगरीत झाला होता.

"तेज आलंय, तेज!" बाबा म्हणायचे.

तेजाबरोबर आत्याच्या रक्तातली साखरही चढली होती. भाचीने वरिष्ठांची सही घेऊन साखरेची गोळी दुप्पट करून दिली होती आणि आपण शहाण्यासारखं वागलो असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात औषधलेखनाचा वर्ग होता. नव्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना औषध कसं लिहावं, किती लिहावं आणि कधी लिहूच नये, हे तिथे शिकवलं जाई. शिकवणाऱ्या मॅडमना पोरं पाठीमागे पिशवीबाई म्हणत, कारण रुग्णाची औषधांची पिशवी टेबलावर ओतून पाहिल्याशिवाय त्या पेनाचं टोपणही काढत नसत. घरच्या एका माणसाची सगळी औषधं लिहून आणा, असा त्यांनी अभ्यास दिला होता. भाचीने आत्याची यादी वाचली. एक गोळी साखरेची, एक रक्तदाबाची.

"आणि ज्याला त्या औषध म्हणत नाहीत, ते?" मॅडमनी विचारलं.

"एक पुडी घेते. पण ते काही औषध नाही, मॅडम. थोतांड आहे."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"थोतांडाने साखर चढते का गं? भूक वाढते? चेहरा गोल होतो?"

भाचीचा चेहरा उतरला. हे सगळं एकत्र कशाने होतं, हे तिने परीक्षेत लिहून गुण मिळवले होते!

"ती पुडी तपासायला घेऊन ये. आणि हे बघ, तोवर एक गोष्ट..."

पण भाची संतापाने दाराबाहेर पडली होती. ती गोष्ट ऐकायची राहिली.

घरी तिने पुडी चहाच्या गाळणीत ओतली. तपकिरी भुकटी खाली पडली आणि जाळीवर पांढरा, टणक तुकडा राहिला. त्याच्यावर मधोमध सरळ रेघ. कुठल्या मुळीवर अशी कातीव रेघ उगवते?

"आत्या, गोळ्या कुटून घालतोय हा लबाड! स्टेरॉइड असणार यात!" असं म्हणत तिने एक पुडी तपासणीसाठी ठेवली आणि उरलेल्या मोरीत ओतल्या.

"अगं, तुमच्याच गोळ्या आहेत ना? मग त्यात वाईट काय?" आत्या हळू आवाजात म्हणाली.

भाचीने तपासणीची पुडी पिशवीत टाकली. ती विजयाच्या तोऱ्यात प्रयोगशाळेकडे निघाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या उठलीच नाही. उलट्या झाल्या, अंग घामाने थंडगार, शब्द अडखळायला लागले. शेजारीण धावत आली आणि कपाळावर हात मारून ओरडली, "कोप झाला गं बाई! आधी पुडी दे त्यांना!"

आणि क्षणभर ही शिकलीसवरलेली पोरही चरकली. खरंच तिसरा दिवस होता.

रुग्णालयात मॅडमनी नाडी पाहिली, बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहिली. सलाइन लावलं, साखर दिली, एक इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत आत्या उशीला टेकून बसली. मग मॅडमनी भाचीला बाहेर बोलावलं.

"स्टेरॉइडसारखं द्रव्य आपलं शरीर रोज स्वतः बनवतं. बाहेरून आयतं मिळायला लागलं की ते आपला कारखाना बंद करतं. तू पुरवठा एकदम तोडलास. कारखाना पुन्हा चालू व्हायला आठवडे लागतात, कधी महिने. आणि साखरेची दुप्पट गोळी?"

"ती... चालूच होती."

"म्हणजे साखर चढवणारं काढून घेतलंस आणि उतरवणारं दुप्पट ठेवलंस. बाबाने अर्धं मारलं होतं, उरलेलं तू पुरं करत होतीस. हातात पेन आलं म्हणून अक्कल येत नाही, पोरी."

भाची भिंतीला टेकून रडली. मग तिने डोळे पुसले आणि आत्याची पुरी यादी नव्याने लिहिली. स्टेरॉइड मोजून, दर आठवड्याला थोडं कमी करत न्यायचं. साखरेची गोळी त्याच हिशेबाने.

इकडे शेजारणीकडून बातमी कळताच बाबांनी जाहीर केलं, "आम्हीच त्या बाईला क्षमा केली!"

प्रयोगशाळेचा अहवाल आला तशी भाची, मॅडम आणि आत्या पुढच्या सभेला गेल्या. भाचीने तो टणक तुकडा उंच धरला.

"बाबा, मुळीवर ही रेघ कसली?"

"ती मंत्राची खूण!" बाबा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले.

भाचीने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि एक गोळी तळहातावर ठेवली. तशीच पांढरी, तीच रेघ. "तुमचा मंत्र औषधाच्या दुकानात पाकिटाने मिळतो की हो! अहवाल म्हणतो, स्टेरॉइड आणि वेदनाशामक."

कुणीतरी खुदकन हसलं. बाबा लालबुंद झाले. "तुझी आत्या तिसऱ्या दिवशी पडली की नाही?"

"पडली. माझ्या चुकीने पडली, मी पुडी एकदम बंद केली म्हणून. आणि उठली ती तुमच्या मंत्राशिवाय. इंजेक्शनात त्याच जातीचं औषध होतं, फक्त मोजून दिलेलं."

शिंपीणबाई सावकाश उभ्या राहिल्या. "म्हणजे मला आजारी पाडलं ते याच पुडीने, आणि बरं केल्याचं श्रेयही हिनेच घेतलं?"

मग आत्या बोलली, नेहमीच्याच हळू आवाजात. "देवाचं नाव मी रोज घेते, मरेपर्यंत घेईन. पण मला सोडलंस तर तिसऱ्या दिवशी पाडीन, अशी धमकी देवाने मला कधी दिली नाही. धमकी देतो तो दुकानदार."

खिशाखिशांतून, पदरापदरांतून पुड्या बाहेर आल्या. पहिली पुडी व्यासपीठावर येऊन फुटली.

"फेकू नका!" भाची जिवाच्या आकांताने ओरडली. "एकदम बंद करू नका, पाया पडते! आज नेहमीसारखी घ्या आणि उद्या सकाळी सगळे रुग्णालयात या. सगळ्यांची हळूहळू सोडवू. उशीर करू नका."

या गोंधळात बाबा मागच्या दाराने कधी सटकले, ते त्या शांतिमूर्तीच्या पहिलवान चेल्यांनाही कळलं नाही.

मास्तर काठीवर रेलून उभे होते. चेहरा पडला होता. "बाई, मग आता भरवसा ठेवायचा तरी कुणावर? तुमच्यावर?"

"आंधळा नको. माझ्यावरही नको," मॅडम म्हणाल्या. "मी औषध लिहून दिलं की मला विचारा. यात काय आहे? कशासाठी? किती दिवस? थांबवायचं कसं? नीट उत्तर देईल त्याचं औषध घ्या. आणि विचारल्यावर जो डोळे वटारेल, त्याच्या गळ्यात माळ असो नाहीतर नळी, त्याच्या समोरून उठून या."