सिस्टरच्या प्रचाराचा भोंगा

मित्रांनो, टेम्पोच्या टपावर दोरीने बांधतात तो भोंगा मी. मला बनवणारा कारखाना बंद पडूनही आता पंधरा वर्षं झाली, यावरून माझं वय ओळखा. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना डोळे पुसतात. मला ते जमणार नाही. मी रागावलेला आहे.

एका लांबट शेडमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून मी घडलो. एक बाई पत्रा साच्यावर दाबायची, दुसरी त्याची कड वळवायची आणि तिसरी मागच्या डब्यात पातळ पडदा बसवायची. तो थरथरला की माझा आवाज निघतो. तिथून मी लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्या एका माणसाच्या दुकानात आलो. सगळे त्याला 'बसका घसा' म्हणत. दुनियेचा आवाज वाढवणाऱ्या या माणसाचा स्वतःचा आवाज समोरच्या खुर्चीपर्यंतही पोचत नसे. त्याची बायको म्हणायची, "ह्यांना घरातपण एक माईक लावून द्या."

मी शाळेच्या मैदानावर शर्यतींचे निकाल सांगितले. पाणी कधी येणार नाही ते सांगितलं. बाजारात हरवलेल्या मुलांच्या आयांना हाका मारल्या. लोक म्हणायचे, काय खणखणीत आवाज आहे. आणि दर निवडणुकीला एक माणूस मला भाड्याने न्यायचा. तो आमदार होता. तीन निवडणुका त्याने माझ्यातून सांगितलं की सरकारी दवाखाना मोठा करीन. तीनही वेळा मी ते गल्लीबोळांत पोचवलं. भोंग्याला जीभ नसते, मित्रांनो. असती तर मी ती चावली असती.

तिसऱ्यांदा निवडून आल्यावर त्याने दवाखान्यातला बाळंतिणींचा वॉर्ड बंद करवला. बारा खाटा हलवल्या आणि तिथे सिमेंटची पोती रचली. आता बाळंतपणासाठी चाळीस किलोमीटर जायचं. रस्ता कसला, नुसते खड्डे.

त्या वॉर्डात सव्वीस वर्षं एक नर्स होती. लहानथोर तिला 'सिस्टर'च म्हणत. तिचा सख्खा दीरसुद्धा "सिस्टर, चहा टाकता का?" असं विचारायचा. बाजारपेठेतल्या वेल्डरची बायको अडली तेव्हा सिस्टर तिच्याबरोबर जीपमध्ये बसली. बावीस किलोमीटर झाले आणि ती बाई गेली. बाळही गेलं. वेल्डर पुढच्या सीटवर होता. त्याला सांगायचं काम सिस्टरला करावं लागलं.

पुढच्या महिन्यात तिने नोकरी सोडली आणि विधानसभेचा अपक्ष अर्ज भरला.

मग ती दुकानात आली. वेल्डर आपला टेम्पो घेऊन बरोबर होता. बसक्या घशाने मला खाली काढलं, फडक्याने पुसलं आणि आपल्या त्या फाटक्या आवाजात म्हणाला, "सिस्टर, माझी दोन्ही पोरं तुमच्या हातची. घेऊन जा. परत कधी आणायचा ते विचारू नका."

त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. सिस्टरला भाषण येत नव्हतं. ती वॉर्डात बोलायची तशीच बोलायची. "वॉर्ड उघडून घेते. एवढंच सांगायला आले. ज्यांच्या घरी दिवस गेलेल्या मुली आहेत त्यांनी ऐका, बाकीच्यांनीपण ऐका." दारं उघडायची. बायका हातातलं काम टाकून बाहेर यायच्या. तिचं चिन्ह होतं खुर्ची. ती हसून सांगायची, "चिन्ह खुर्ची मिळालंय, पण मला बसायला वेळ नाही."

आमदाराची माणसं आधी हसली. मग त्यांचं हसू गेलं.

एका सकाळी मतदानाच्या मशीनवरची छापील यादी आली. वेल्डरने ती टेम्पोच्या बॉनेटवर पसरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सिस्टरच्या नावाच्या बरोबर वर तेच नाव होतं. आडनाव तेच, मधलं अक्षरही तेच. चिन्ह होतं स्टूल. बोटाएवढ्या चौकोनातलं ते काळं चित्र खुर्चीसारखंच दिसत होतं. फरक एवढाच की पाठ नव्हती.

"ही कोण?" वेल्डरने विचारलं.

सिस्टरने चष्मा वर केला. "ही बेकरीच्या गल्लीतली इस्त्रीवाली. हिची धाकटी माझ्याच हातची. पायाळू होती."

त्याच दुपारी टेम्पो इस्त्रीवालीच्या दारात उभा राहिला. मी टपावरून सगळं पाहत होतो. ती इस्त्री बाजूला ठेवून पुढे आली आणि सिस्टरला पाहताच खाली बघायला लागली.

"अर्ज तू भरलास?"

"सह्या केल्या, सिस्टर. कशावर ते विचारलं नाही. ह्यांना आमदारांच्या शाळेच्या गाडीवर कायम करतो म्हणाले. नऊ वर्षं हंगामी चालवतायत."

"आणि तुझ्या नावामुळे माझी मतं कुठे जाणार, ते सांगितलं?"

"नंतर कळलं. अर्ज मागे घ्यायची तारीख गेल्यावर कळलं." ती रडली नाही. कपड्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून उभी राहिली. "मला शिव्या द्या."

"शिव्या देऊन काय होणार? मला तुझा आवाज पाहिजे. टेम्पोत ये आणि खरं काय ते सांग."

"ह्यांचं काय होईल?"

सिस्टर खोटं बोलली नाही. "नोकरी जाईल बहुतेक."

इस्त्रीवाली आत गेली. थोड्या वेळाने हात पुसत बाहेर आली आणि टेम्पोत चढली. तिने माईक दोन्ही हातांनी धरला होता. तिचा श्वास आधी माझ्यातून गेला, मग शब्द.

"मी इथलीच इस्त्रीवाली. माझं आणि सिस्टरचं नाव एकच आहे. मला फसवून उभं केलंय. स्टूलचं बटण माझं आहे. ते दाबू नका. खुर्ची सिस्टरची आहे. खुर्ची दाबा."

आयुष्यात लाखो शब्द माझ्यातून गेले, मित्रांनो. इतके खरे शब्द पहिल्यांदाच गेले. बेकरीवाला पिठाच्या हातांनी रस्त्यात आला. एक म्हातारी म्हणाली, "परत सांग गं, स्टूल की खुर्ची?" तिने परत सांगितलं. चार वेळा सांगितलं.

आम्ही दुसऱ्या गल्लीत वळलो तर पोलिसांची गाडी आडवी उभी. साहेब खाली उतरले. त्यांनी परवाना मागितला, वाचला आणि म्हणाले, "भोंग्याचा परवाना ह्या उमेदवाराच्या नावावर आहे. त्यावर दुसरा उमेदवार कसा बोलतो?"

"ती माझाच प्रचार करतेय," सिस्टर म्हणाली.

"नियमात बसत नाही. भोंगा जप्त."

"नाव तर एकच आहे, साहेब," वेल्डर म्हणाला. "परवान्यावर तेच नाव आहे. वाचून बघा."

साहेबांना हसू आलं. त्या हसण्याचा राग मला आजही गिळता येत नाही. त्यांच्या शिपायाने चाकूने माझी दोरी कापली. मी चौकीच्या मागच्या खोलीत मोडक्या सायकलींवर जाऊन पडलो. प्रचाराचे दोन दिवस राहिले होते. संध्याकाळी आमदाराची माणसं इस्त्रीवालीला आणि तिच्या पोरींना गाडीत घालून लांबच्या पाहुण्यांकडे सोडून आली. मतदान होईपर्यंत तिथून हलायचं नाही, असा दम देऊन.

सिस्टर पायी फिरली. दारोदार जाऊन सांगत राहिली. दोन दिवसांत माणूस किती दारं वाजवणार? मी खिडकीच्या फटीतून आमदाराचे भोंगे ऐकत होतो. त्यांचे परवाने नियमात बसत होते.

निकालानंतर बसका घसा मला सोडवायला आला. वेल्डरने चौकीच्या पायरीवरच आकडे सांगितले. सिस्टर सहाशे अकरा मतांनी पडली. स्टूलला एक हजार नऊशे आठ मतं गेली. बेकरीच्या गल्लीच्या केंद्रावर मात्र स्टूलला चार मतं होती. फक्त चार. जिथे जिथे इस्त्रीवालीचे शब्द घेऊन मी पोचलो नाही, तिथे तिथे शेकडो.

विजयाच्या मिरवणुकीसाठी आमदाराचा माणूस मला मागायला आला. बसक्या घशाने त्याच्यासमोर माझा मागचा डबा उघडला, पडदा काढून खिशात टाकला आणि कुजबुजला, "बिघडलाय." त्यानंतर पाच वर्षं मी फळीवर होतो. धूळ बसली, गांधीलमाश्यांनी माझ्या तोंडात घर केलं. इस्त्रीवालीच्या नवऱ्याची नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली. तो आता वेल्डरचा टेम्पो चालवतो. वॉर्डात अजून पोती आहेत. त्या रस्त्यावर आणखी तीन बायका गेल्या. त्यांची नावं माझ्यातून कुणी पुकारली नाहीत.

गेल्या आठवड्यात माझा पडदा परत बसवला. काल टेम्पो निवडणूक कचेरीच्या फाटकाशी उभा होता. सिस्टरने पुन्हा अर्ज भरला. तिचं नाव सुचवणाऱ्या दहा मतदारांच्या, म्हणजे सूचकांच्या, सह्या तपासताना कारकून थांबला. खिडकीतून त्याचा आवाज आला, "ओ बाई, उमेदवारानेच सूचक म्हणून सही केलीय. अर्ज बाद होईल."

"ती सही माझी आहे," इस्त्रीवाली म्हणाली आणि तिने आपलं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. "आम्ही दोघी आहोत. नीट बघून घ्या."

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या घरच्या मोठ्यांना एवढंच सांगा, की नाव वाचून झालं तरी बोट थांबवा आणि चिन्हही बघा. आणि भररस्त्यात कुणी खरं बोलणाऱ्याची दोरी कापली, तर चौकीत जाऊन विचारा, का कापली म्हणून. मी तिथे निकाल लागेपर्यंत पडून होतो. त्या गल्लीतल्या सगळ्यांनी माझा आवाज ऐकला होता, पण माझ्याबद्दल विचारायला एकही जण आला नाही.