मला धुवू नका

मी एक मोजा बोलतोय. पायाला ऊब देणारा नव्हे, गमबुटावर चढवायचा, सुती आणि जाळीदार. मला घालून डुकरांच्या शेडमधून फिरतात. माझ्या अंगाला जी विष्ठा लागते, तिच्यातून आजार शोधतात. जन्मच घाणीसाठी!

जटलंडमध्ये एयनरच्या शेडवर मी आलो, तेव्हा त्याची दूध तुटलेली पिल्लं जुलाबांनी मरत होती. माझ्या आधीचा मोजा तपासून आला होता. उत्तर होतं, जंतू नाहीत.

"जंतू नाहीत म्हणे! मग पिल्लं काय रुसून मरतायत?" त्याची बायको बोडिल कडाडली.

जनावरांची डॉक्टर सिग्ने या वेळी स्वतः आली. "जंतू कळल्याशिवाय मी औषध देणार नाही. एयनर, मागच्या वेळी कसा फिरलास, तसाच फिर."

एयनर मला घालून पिल्लांमधून फिरला. मी चांगला बरबटलो. मग पुढच्या खोलीचं दार आलं. आमच्याकडे दारोदारी जंतुनाशकाचं घमेलं असतं आणि त्यात पाय न बुडवणारा माणूस बेशिस्त ठरतो. एयनरचा पाय आपोआप उचलला गेला. खाली ते उग्र पाणी दिसलं आणि माझा जीव टांगणीला लागला. ओरडायला मला तोंड कुठलं?

"थांब!" सिग्ने किंचाळली. "मागच्या वेळीही बुडवलास?"

"मग काय, घाणेरड्या पायानं पुढे जाऊ? आईनं कानफटवलं असतं मला."

"अरे, जंतू तूच मारलेस आणि मोजा तपासायला पाठवलास!"

"आणि घरचे मोजे मात्र कोपऱ्यात कुजतात," बोडिल म्हणाली.

एयनर हसला नाही. "म्हणजे मधल्या दिवसांतली पिल्लं माझ्यामुळे गेली?"

सिग्नेनं मला तिथेच हलकेच उतरवून पिशवीत घातलं. तेव्हापासून तिनं रीतच बदलली: आधी घमेलं, मग मोजा, आणि पुढच्या दाराआधी मोजा पिशवीत.

प्रयोगशाळेत माझी घाण काचेच्या बशीत पसरली. घमेल्यातला एखादा शिंतोडा माझ्यावर उडाला असेल का, या भीतीनं मी अर्धमेला झालो होतो. शेवटी सिग्नेनं फोन लावला.

"जंतू सापडला! औषध घेऊन निघतेय. एयनरला फोन दे."

"मलाच सांग," बोडिल म्हणाली. "तो पिल्लांत बसून रडतोय."

आता मला भट्टीत टाकतील. त्याचं दुःख नाही. माझ्या भावंडांसाठी एवढंच मागतो: आम्ही एकदा मळलो की आम्हाला मळकंच राहू द्या.