डाव्या हाताचा डाव

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणावर ओरखडे आहेत आणि माझा पंखा फिरू लागला की शेजारच्या खोलीतही कळतं. २००७ साली अक्षता मला वारज्याच्या घरी घेऊन आली. ती हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. दोन वर्षं मी तिचं काम मन लावून केलं. "याच्यासारखा भरवशाचा दुसरा नाही," असं ती मैत्रिणींना सांगायची. मग तिला नवा, हलका लॅपटॉप मिळाला आणि मी कपाटात स्वेटरांखाली गेलो.

तिथून मला बाहेर काढलं ते तिच्या बाबांच्या आजारपणानं. श्रीनिवासराव पिंपरीकडच्या एका कारखान्यात लेथ, म्हणजे धातू कातायच्या यंत्रांच्या विभागाचे फोरमन होते. अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डाव्या हाताला कामाला लावा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण डाव्या हातानं खाताना घास सांडला की ते ताट ढकलून देत आणि भिंतीकडे तोंड करून बसत.

पत्त्यांची त्यांना जुनी आवड होती. म्हणून डाव्या हातानं माउस चालवावा यासाठी अक्षतानं माझ्यावर ऑनलाइन पोकर सुरू करून दिला. त्यात पैसे नव्हते, डावावर लावायला फुकटच्या चिप्स, म्हणजे चकत्या होत्या. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळत, पाच पानं सगळ्यांसाठी मधे उघडत. हातची पानं बरी नसतील तर डाव सोडता येई.

श्रीनिवासराव एकही डाव सोडत नसत. कसलीही पानं येवोत, सगळ्या चिप्स पुढे ढकलायचे आणि दहा मिनिटांत रिकामे व्हायचे. मग माझ्यावर मूठ आदळे. एकदा माझं एक बटण निखळून पलंगाखाली गेलं.

"पानंच वाईट येतात!" ते ओरडले.

त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, कारखान्यात एखाद्यानं लेथवरचा भाग बिघडवून वर मशीनवरच मूठ मारली असती, तर तुम्ही काय केलं असतं?"

श्रीनिवासरावांनी मूठ उघडली. "घरी पाठवला असता," ते पुटपुटले. मग म्हणाले, "अक्षता, मला एक वही दे. लेथवर आम्ही एका वेळी एकच सेटिंग बदलायचो आणि कातलेला भाग मोजून बघायचो. इथंही तसंच करतो."

पहिले दोन आठवडे त्यांनी एवढंच केलं, कच्ची पानं आली की डाव सोडायचा. ते सोपं नव्हतं. बोट पुन्हा पुन्हा चिप्स लावायच्या बटणाकडे जायचं. पुढचा बदल असा, की आपली पाळी सगळ्यांच्या शेवटी असेल तेव्हाच धाडस करायचं, म्हणजे इतरांनी काय केलं ते आधी दिसतं. या नादात ते पहिला नियम विसरले आणि सपाटून हरले. न चिडता आठवडाभर पुन्हा पहिल्या नियमावर गेले. मग कोणता खेळाडू कधी किती चिप्स लावतो, ते वहीत टिपू लागले. डाव्या हातानं काढलेली अक्षरं आधी त्यांनाच वाचता येत नसत. दिवाळीपर्यंत ती मंदाकिनीबाईंनाही लागू लागली.

एका रविवारी दुपारी एकशे ऐंशी जणांची स्पर्धा होती. श्रीनिवासरावांना राण्यांची जोडी आली. समोरच्यानं सगळ्या चिप्स लावल्या. अक्षता कुजबुजली, "बाबा, राण्या आहेत! खेळा ना." त्यांनी वही उघडली. हा माणूस कधीच उगाच लावत नाही, असं तिथं लिहिलं होतं. त्यांनी राण्या सोडल्या. दुसरा एकजण भिडला, म्हणून पानं उघडली. समोर राजांची जोडी होती. मंदाकिनीबाईंच्या हातातला चहा तसाच राहिला.

शेवटच्या अकरा जणांत असताना त्यांच्याकडे एक्क्यांची जोडी आली. त्यांनी सगळं लावलं. समोरच्याकडे नव्वी आणि सत्ती होती. मधे आणखी दोन सत्त्या उघडल्या, त्याच्या तीन सत्त्या एक्क्यांच्या जोडीवर भारी पडल्या आणि खेळ संपला. मी धसका घेऊन मुठीची वाट बघत होतो.

"माझा खेळ बरोबर होता," ते म्हणाले. "आज त्याचा दिवस होता." त्यांनी माझं झाकण हळूच मिटलं आणि मंदाकिनीबाईंना म्हणाले, "जेवायला वाढतेस? आज डाव्या हातानं मीच खाईन."

पुढे माझी बॅटरी टिकेना. अक्षता म्हणाली, "बाबा, हा आता भंगारात देऊ या." त्यावर श्रीनिवासराव म्हणाले, "आधी माझा नंबर लागेल, मग त्याचा."

आता दर गुरुवारी ते मला शनिवार पेठेतल्या व्यायाम केंद्रात नेतात. झटका येऊन गेलेली माणसं तिथं माझ्यावर डावा हात चालवायला शिकतात. परवा सुशीलाबाई पहिल्यांदाच आल्या होत्या. एका क्लिकला त्यांना पाच मिनिटं लागली. त्यांचा मुलगा उतावीळ होऊन माउस घ्यायला पुढे झाला, तेव्हा श्रीनिवासरावांनी त्याला थांबवलं. "घड्याळ बघू नका. त्यांच्याकडे बघा."

सुशीलाबाईंनी ओठ आवळले आणि बोट दाबलं. पान उघडलं. त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांची धूळ पुसत जा, आम्हाला उन्हात टाकू नका. पण एवढं सगळं जमलं नाही तरी चालेल. कुणी हळूहळू शिकत असेल, तर त्याच्या हातातला माउस तेवढा काढून घेऊ नका.