काचेवर राहिलेला दाखला

मी एक जुनी झेरॉक्स मशीन आहे. मित्रांनो, माझी उमेदीची वर्षं मुंबईच्या एका कचेरीत गेली. तिथून सेकंडहँड म्हणून मी अकोल्याच्या जठारपेठेत, शाहनवाजभाईंच्या दुकानात आले.

ते दिवस वाईट होते. कापसाला भाव नव्हता, गावंच्या गावं मदतीच्या अर्जांमागे धावत होती, आणि प्रत्येक अर्जाला माझ्या प्रती लागत. सगळ्या जिल्ह्याचे सातबारे माझ्या काचेवर पालथे पडून गेले. काम होईस्तोवर कौतुक. कागद अडकला की पाठीत धपाटा! त्यात लोडशेडिंग. लाइन जायच्या आधी दुकानात ही गर्दी उसळायची.

अशाच एका दुपारी भाजी विकणारी जमुनाबाई लेकीला, खुशीला, घेऊन आली. खुशीला अमरावतीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि कागद दाखवायचा तो शेवटचा दिवस होता.

"भाऊ, लवकर कर ना! गाडी चुकून जाईन."

"करूनच राहिलो ना मावशी. लाइन जाची वेळ झाली, मले बी घाई हाये."

शाहनवाजभाईंनी शाळा सोडल्याचा दाखला काचेवर पालथा घातला आणि प्रती काढून दिल्या. मायलेकी स्टेशनाकडे पळाल्या. आणि अस्सल दाखला? तो माझ्या झाकणाखालीच राहिला!

माझा जीव टांगणीला लागला. तिकडे नुसत्या प्रतीला कोण विचारतो? अस्सल दाखल्यावाचून पोरीची जागा जाणार होती. मला सगळं कळत होतं, पण तोंड नव्हतं. मी बोलणार ती फक्त प्रत काढून. पुढचं गिऱ्हाईक होते खुशालराव, आणि ते पिशवीत रेशनकार्ड शोधत बसले.

"काका, हाये का नाई कार्ड?"

"हाये रे बापा. दम खाय ना जरा."

लाइन कोणत्याही क्षणी जाणार होती. अहो खुशालराव, काढा की! मी आतल्या आत चरफडत होते. अखेर कार्ड सापडलं. शाहनवाजभाईंनी सवयीनं झाकण जरासं उचललं आणि न पाहताच कार्ड आत सरकवलं. ते दाखल्याच्या कोऱ्या पाठीवर जाऊन बसलं. बटण दाबलं. मी होतं नव्हतं ते बळ लावून कागद ओढला. तो अर्धा बाहेर आला, तोच लाइन गेली.

शाहनवाजभाईंनी वैतागून कागद खेचला. कच्ची शाई बोटांना फासली. दाराच्या उजेडात त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"या अल्ला! हा तं खुशीचा दाखला हाये!"

झाकण उघडून त्यांनी दाखला घेतला, दुकान तसंच टाकलं आणि स्कूटरला किक मारली.

बंद पंख्याखाली खुशालराव आणि मी वाट पाहत राहिलो. बऱ्याच वेळानं शाहनवाजभाई घामानं निथळत परतले.

"भेटली काय पोरगी?"

"भेटली. गाडी हालली होती. खिडकीतून हातात देल्ला." ते मटकन बसले. "थे माय मले दुवा देऊन राहिली होती, काका. चूक तं माहीच होती."

मित्रांनो, आता मी कोपऱ्यात धूळ खात आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण माझं मागणं वेगळंच आहे. माझ्या जागी आलेल्या नव्या मशीनपासून निघण्याआधी तिचं झाकण एकदा उचलून पाहा. त्या दिवशी मला बोलायला अर्धी प्रत मिळाली. तेवढीही दर वेळी मिळत नाही.